चेहरा ओढला तेव्हा मी जागी होते

"तुम्हाला पूर्ण भूल मी देणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि हातातला कागद त्यांनी माझ्याकडे वळवला. मला त्यातलं काही कळणार नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

कागद पीएफटीचा होता. पीएफटी म्हणजे पल्मनरी फंक्शन टेस्ट. नाकाला चिमटा लावून एका नळीत होता-नव्हता तेवढा जोर लावून फुंकायचं, मग फुप्फुसात हवा किती मावते आणि किती जोराने बाहेर येते ते यंत्र दाखवतं. मी तीनदा फुंकलं होतं. तिसऱ्या वेळी खोकल्याची उबळ आली आणि शेजारची नर्स एक पाऊल मागे सरकली. ते पाऊल मी ओळखते.

"उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग टीबीनं आखडलाय," बाई पुढे म्हणाल्या. "टीबी गेला, व्रण राहिला. जनरल अ‍ॅनेस्थेशिया दिला की तुमचा श्वास आम्ही नळीनं चालवणार. नळी काढल्यावर तुमचं फुप्फुस ते काम पुन्हा नीट उचलेल याची मला खात्री नाही. जीव वाचवायचं ऑपरेशन असतं तर धोका घेतला असता. हे हौसेचं आहे."

हौस हा शब्द मला लागला. पण त्यांना दोष देत नाही. बाहेरून बघणाऱ्याला फेसलिफ्ट, म्हणजे चेहऱ्याची लोंबती कातडी ओढून बसवणं, ही हौसच वाटणार.

माझं नाव उज्ज्वला. वय चोपन्न. बड़ा गणपतीच्या मागच्या गल्लीत आमचं घर, आणि राजवाड्याजवळ विम्याच्या कार्यालयात माझी नोकरी. तीन वर्षांपूर्वी मला टीबी झाला. नऊ महिने औषधं घेतली, एक गोळी चुकवली नाही. थुंकीची तपासणी स्वच्छ आली, डॉक्टरांनी कागदावर 'बरी झाली' असं लिहून दिलं. पण त्या काळात माझं वीस किलो वजन उतरलं. त्यातलं थोडं अंगावर परत आलं, चेहऱ्यावर मात्र आलं नाही. गालांची कातडी जबड्यावरून खाली लोंबू लागली, गळ्याला दोन पट्टे पडले. कागद म्हणत होता बरी झाली. चेहरा म्हणत होता, हिच्याजवळ बसू नका.

कार्यालयात आम्ही सहाजणी एका टेबलावर डबा खायचो. मी कामावर परतले त्या दिवशी सीमाजी, माझी वीस वर्षांची मैत्रीण, अगदी गोड आवाजात म्हणाली, "उज्ज्वलाजी, आप आराम से अपनी सीट पर ही खा लो ना, यहाँ भीड़ हो जाती है." मी माझ्या खुर्चीवर डबा उघडला. दोन वर्षं तिथेच उघडत राहिले. काउंटरवर येणारी माणसंही विचारायची, "तबीयत ठीक नहीं क्या मॅडम?" मी ठीक आहे म्हटलं की चेहऱ्याकडे बघायची आणि पावती दोन बोटांनी उचलायची.

म्हणून मी ठरवलं. तुम्ही याला हौस म्हणा.

माझा नवरा दिलीप पोलोग्राउंडला एका कारखान्यात फोरमन आहे. तो म्हणाला, "अगं पण जरूरत काय आहे? मला तर तू चांगलीच दिसतेस." हे तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला. मग थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "लोक पूछेंगे तो काय सांगायचं?" खरी काळजी ती होती. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं की कानामागे गाठ आहे असं सांगायचं. सासूबाईंनाही तेच सांगितलं. त्या ब्याऐंशीच्या आहेत. ऐकून फक्त "बरं" म्हणाल्या.

पूर्ण भूल नाही, तर मग लोकल. लोकल अ‍ॅनेस्थेशिया म्हणजे जेवढा भाग कापायचा तेवढाच इंजेक्शननं बधिर करायचा. जोडीला सेडेशन, म्हणजे गुंगीचं औषध. पण माझ्या फुप्फुसांमुळे तेही अगदी थोडं. सर्जन पंचेचाळीशीचे, हसतमुख. ते म्हणाले, "मॅडम, लोकल तो और बढ़िया है. उलटी नहीं, गला नहीं दुखता, शाम तक चाय पियोगी. आपको बस लगेगा कि कोई चेहरे पर कुछ कर रहा है."

एवढंच सांगितलं त्यांनी. तुम्ही या वाटेनं जाणार असाल तर बाकीचं मी सांगते.

सकाळी नऊला मला आत घेतलं. आधी चेहऱ्यावर शाईनं रेघा मारल्या, कानापुढून, कानाच्या पाळीला वळसा घालून मागे केसांपर्यंत. मग इंजेक्शनं. एक नाही, कितीतरी. पहिली दहा-बारा मधमाशीसारखी डसली, नंतरची कळली नाहीत. त्या औषधात अ‍ॅड्रिनलीन असतं, रक्त कमी वाहावं म्हणून. त्यानं छाती धडधडते. ते आधी सांगत नाहीत, म्हणून मला वाटलं हे आता हृदयाचं काहीतरी झालं. डोक्याशी उभ्या असलेल्या भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी खांद्यावर हात ठेवला. "औषधाचं आहे. पाच मिनिटांत उतरेल." उतरलं.

मग कापायला लागले. दुखत नव्हतं, ते खरं. पण आवाज येतो. कान जवळच असतो ना. कातडी सोडवताना कोरं कापड फाडल्यासारखा आवाज आपल्याच डोक्याच्या आत होतो. रक्ताच्या बारीक नळ्या विजेनं जाळतात, त्याचा वास येतो, आणि तो आपला वास असतो. कातडीखाली एक पडदा असतो, त्याला सर्जन स्मास म्हणत होते. तो वर ओढून टाक्यांनी बांधतात. ती ओढ कळते. डोळ्यांवर ओली पट्टी होती, त्यामुळे कान जास्तच उघडे.

उजवी बाजू होत आली तेव्हा आत कुणीतरी आलं. तरुण मुलीचा आवाज होता, सर्जनची मदतनीस डॉक्टर असावी. तिनं विचारलं, "सर, ये वही टीबी वाली है ना? मैंने डबल मास्क लगा लिया."

सर्जन हसले. म्हणाले, "पुराना है. पर तेरी मर्ज़ी." मग म्हणाले, "फेफड़े गए, चेहरा चाहिए. लोगों का भी क्या है."

मुलगीही हसली. कात्री चालूच होती.

मी झोपलेली नव्हते. माझ्या बोटाला नाडीचं यंत्र लावलं होतं आणि त्याची टिकटिक जलद झाली, ती मलाच ऐकू आली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काही होतंय का?" मी "नाही" म्हणाले. काय सांगणार होते मी?

डाव्या बाजूला तासभर झाला असेल, आणि दुखायला लागलं. आधी ऊब, मग जबड्याखाली सरळ धार. मी म्हटलं, "डॉक्टर, दुखतंय. दर्द हो रहा है."

"दर्द नहीं है मॅडम, खिंचाव है," सर्जन म्हणाले.

"सुई टोचलेली कळतेय मला."

"बस दो टाँके."

दोन टाके झाले, तिसरा घेतला. डोळ्यांवरच्या पट्टीखालून पाणी कानात गेलं. तेव्हा डॉक्टरबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "सर, थांबा. इनको लग रहा है. पहले दवा दीजिए." मग औषध टोचलं गेलं. मिनिटभरानं डावा गाल पुन्हा माझा राहिला नाही, आणि मला हायसं वाटलं.

दीडच्या सुमारास संपलं. डोक्याभोवती घट्ट पट्टी, कानांमागून साचलेलं रक्त निचरायला दोन नळ्या. सर्जन म्हणाल्याप्रमाणे संध्याकाळी चहा आला. तो मी प्याले नाही, कारण डावा गाल पट्टीच्या आत फुगत चालला होता आणि ठणकत होता. हिमॅटोमा झाला होता, म्हणजे कातडीखाली रक्त साकळलं होतं. अ‍ॅड्रिनलीनचा असर उतरला की असं होऊ शकतं. पुन्हा आत नेलं, टाके उघडले, रक्त काढलं, पुन्हा शिवलं. हेही लोकलमध्येच. या वेळी कुणी हसलं नाही. सगळे घाईत होते.

ऑपरेशननंतर एकाच बाजूला अचानक सूज किंवा ठणका आला, तर सकाळपर्यंत वाट बघू नका. लगेच सांगा. ऐकलं नाही तर पुन्हा सांगा.

तिसऱ्या दिवशी घरी आले. आणि मग गंमत झाली. गाठीचं ऑपरेशन म्हणून लोक भेटायला येऊ लागले. नारळपाणी, डाळिंबं, कुणी मुगाची खिचडी. गल्लीतली माणसं, कार्यालयातली माणसं, दिलीपची आत्तेबहीण. सीमाजी पलंगावर माझ्या पायाशी बसली, माझा हात हातात घेऊन. टीबीच्या नऊ महिन्यांत या घराचा उंबरठा कुणी ओलांडला नव्हता. नसलेल्या गाठीला चौदा माणसं आली. मी मोजली.

आरशात चेहरा निळा-पिवळा होता, आणि हसले की डावीकडचा खालचा ओठ जागचा हलत नव्हता. जबड्याच्या कडेनं एक बारीक नस जाते, ती दुखावली होती. सर्जन फोनवर म्हणाले, "तीन-चार महिने में आ जाएगा." कानाच्या पाळ्या बधिर होत्या. कानातलं घालताना भोक सापडायचं नाही.

दहाव्या दिवशी टाके निघाले. सासूबाईंनी मला जवळ बोलावलं, दोन्ही कानांमागे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "गाठ एकाच कानामागे होती ना गं?"

मी केस कानांवर ओढून घेतले.

"मला आधीच सांगितलं असतंस तर मी तुला पेज करून घातली असती. चावायला त्रास झाला असेल." आणि त्या खरंच उठून पेज करायला गेल्या. या सगळ्या प्रकरणात मला लाज वाटली ती फक्त तेव्हा.

तीन महिन्यांनी ओठ हलू लागला. सूज पूर्ण गेली. चेहरा चांगला झाला, हे मी खोटं सांगणार नाही. गालाची रेघ सरळ, गळा साफ. काउंटरवर कुणी तब्येत विचारेनासं झालं. एका दुपारी सीमाजीनं लांबूनच हाक मारली, "अरे उज्ज्वलाजी, अकेली क्या बैठी हो, इधर आओ ना." मी डबा घेऊन गेले. तिनं आपल्या पराठ्याचा तुकडा तोडून माझ्या डब्यात ठेवला आणि माझ्या भाजीत बोट बुडवून चाखलं.

फुप्फुसं तीच होती. व्रणही तोच होता. जंतू दोन वर्षांपूर्वीच मेले होते, सीमाजीच्या हिशेबानं ते त्या दिवशी मेले. मी तो तुकडा खाल्ला. घशाखाली उतरताना कडू लागला. तो चुकून करपला होता की काय, सांगता येत नाही.

चौथ्या महिन्यात शेवटची तपासणी होती. दिलीप बरोबर होता. सर्जननी माझे आधीचे आणि आताचे फोटो शेजारी ठेवून दाखवले. "खुश?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही बोललात ते मी ऐकलं. फुप्फुसं गेली, चेहरा हवाय. आणि दुखतंय म्हणाले तेव्हा तुम्ही थांबला नाहीत."

त्यांचं हसू किंचितही कमी झालं नाही. "मॅडम, सेडेशन में पेशंट को बहुत कुछ सुनाई देता है. सपना जैसा. आप तो सो रही थीं."

मी दिलीपकडे बघितलं. तो त्यांच्याकडे बघून मान हलवत होता. "हो ना, दवाई का असर असेल," तो म्हणाला.

बाहेर जिन्यापाशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई भेटल्या. दिलीप गाडी काढायला पुढे गेला होता. मी त्यांना सरळ विचारलं, "तुम्ही तिथे होतात. मला स्वप्न पडलं होतं का?"

त्यांनी मागे वळून दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नाही. मीही ऐकलं ते."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"दुखण्याचं बोलले. त्याचं नाही बोलले. बोलायला हवं होतं." जिन्याच्या कठड्यावरचा हात त्यांनी काढून घेतला. "मला इथंच काम करायचंय, उज्ज्वलाताई. पण तुमच्या फाइलची प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे. भुलीचा तक्ता माझ्या हातचा आहे."

या बाईंचे मी आभार मानते. तो टाका त्यांनी थांबवला, आणि नंतर खरं सांगितलं. अर्ध्याच बाबतीत धीर केला, पण त्या खोलीत तेवढाही दुसऱ्या कुणी केला नाही.

प्रत मिळायला तीन खेटे पडले. भुलीच्या तक्त्यात दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास लिहिला होता, आणि शेजारी बारीक अक्षरात प्रत्येक वेळी तेच: रुग्ण जागी, प्रश्नांना नीट उत्तर देते. खाली एक ओळ होती: बारा वाजून दहा मिनिटांनी डाव्या जबड्याखाली वेदनेची तक्रार, सर्जनना कळवलं, औषध वाढवलं.

म्हणून सांगते, लोकलला घाबरू नका. माझ्यासारख्या फुप्फुसाला तोच रस्ता आहे, आणि मी जिवंत बाहेर आले ती त्याच्यामुळे. पण टेबलावर आडवं होण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा की तुम्ही जाग्या असणार आहात. दुखलं तर कोणता शब्द म्हटल्यावर हात थांबेल ते ठरवून घ्या. आणि फाइल मागा, मागितल्याशिवाय देत नाहीत.

प्रत मिळाली त्या दिवशी संध्याकाळी दिलीप कामावरून आला, हातपाय धुतले. मी तो कागद त्याच्यासमोर ठेवला आणि ओळींचा अर्थ सांगितला. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचला.

"म्हणजे तू खरंच जागी होतीस," तो म्हणाला.

"हो."

"मग तिथल्या तिथेच का नाही बोललीस त्यांना?"

एकतीस वर्षांच्या संसारात त्यानं मला विचारलेल्या प्रश्नांपैकी हा एक असा होता की ज्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं.

"कारण तेव्हा माझा चेहरा त्यांच्या हातात होता," मी म्हणाले.