ज्या म्हशी मेल्या नाहीत

तो प्रकार आजही आठवतो, आणि आठवला की समोरचं ताट बाजूला सारावंसं वाटतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. लखनौच्या तेलीबागेतल्या घरी नात सकाळी हिंदीत बातम्या वाचून दाखवते आणि मी मराठीत शिव्या देतो. बायको म्हणते, "आता तरी शांत व्हा." मी होत नाही.

वडील रेल्वेत इंजिनिअर. त्यांच्या नोकरीमुळे आम्ही लखनौचे झालो आणि मी इथल्या पोलिसांत दरोगा, म्हणजे आपल्याकडचा फौजदार, म्हणून लागलो. ही हकिकत मी शहराबाहेरच्या एका ठाण्याचा प्रभारी असतानाची.

आमच्या हद्दीत गोमतीच्या काठावर साठेक घरांचं एक गाव होतं. निम्मी घरं मल्लाहांची, म्हणजे नाव चालवणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या लोकांची. बाकीचे उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूत खड्डे खणून, त्यात शेणखत भरून काकडी-खरबुजाचे वेल लावायचे. हातपंप चार होते. त्यातल्या दोहोंना पिवळं पाणी यायचं, एक कोरडा, आणि चौथा प्रधानाच्या अंगणात. तिकडे सरपंचाला प्रधान म्हणतात. तेव्हा अंघोळ, धुणं, गुरं आणि बऱ्याच घरांचं पिणंसुद्धा नदीवरच. रस्ता मागायला हे लोक तहसिलीत गेले की साहेब जेवायला गेलेले असायचे.

एका सकाळी ठाण्यात फोन वाजला. खुद्द प्रधान बोलत होता, "साहब, जल्दी आइए, गाँववाले एक को मार डालेंगे."

पोचलो तेव्हा काठावर मेलेल्या माशांचा पांढरा थर लागला होता. म्हशी जागोजाग आडव्या पडल्या होत्या, पोटं फुगलेल्या. अकरा माणसांना उलट्या सुरू होत्या. एका झोपडीसमोर सहा वर्षांची मुलगी चादरीखाली होती. तिची आई रडत नव्हती, चादरीवरच्या माश्या हाकत होती.

चौकात पन्नाशीचा एक मल्लाह बांधून घातलेला. एक डोळा पूर्ण मिटलेला, दात पडलेले. त्याची जाळी जळत होती. प्रधानाने मला खुर्ची दिली, बाटलीबंद पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, "मासे मारायला यानेच जहर टाकलं. याच्या झोपडीत दवाईची बाटली सापडली."

बाटली होती, वांग्यावर फवारायच्या औषधाची. मी पंचनामा केला, बाटली सील केली, मल्लाहाला जीपमध्ये घातलं. जमाव ओरडत होता. मी हात वर करून सगळ्यांसमोर म्हणालो, "गुन्हेगार आमच्या ताब्यात आहे." आरोपी म्हणायचं असतं हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

ठाण्यात डॉक्टरांची पट्टी झाल्यावर चौकशीला बसलो. तो एकच गोष्ट सांगत राहिला.

"साहब, मैंने नहीं डाला. मेरी भी भैंस मरी है."

"मग बाटली?"

"ती तर घरोघरी आहे. ज्याच्या परसात वांगी, त्याच्या घरात बाटली."

"नदीला दुसरं कोण जहर देणार?"

"जो नदी का नहीं खाता, वो देगा."

मला ते उद्धट उत्तर वाटलं. मी टेबलावर हात आपटला, नको ते बोललो. कोर्टाने त्याला जेलमध्ये पाठवलं. वर्तमानपत्रांत बातमी आली, वरिष्ठांनी पाठ थोपटली. प्रकरण माझ्या लेखी संपलं होतं.

आठवड्याने भर दुपारी एक विधवा बाई डोक्यावर काकड्यांची टोपली घेऊन ठाण्यात आली. शिपायाने हाकललं तरी ती व्हरांड्यात बसून राहिली. शेवटी मीच बाहेर गेलो. तिने एक काकडी माझ्यापुढे धरली आणि मान खाली घालून बोलायला लागली.

"भैया, मेरा खेत उसके घाट से एक कोस ऊपर है. मछली पहले मेरे खेत के सामने मरी. उसने नीचे जहर डाला, तो ऊपर कैसे चढ़ा?"

ती म्हणाली की त्या दिवशी पहाटे तेजाबासारखा, म्हणजे ॲसिडसारखा, वास आला होता, प्रधानाच्या आंब्याच्या बागेकडून. तिथे मोठ्या गाडीच्या चाकांचे वळ होते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावरून नांगर फिरवला.

"हे त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"आप तो कुर्सी पर बैठे थे, उसी की."

तिचं नाव मी डायरीत लिहिलं नाही. आजही लिहिणार नाही.

ती गेल्यावर मी मेलेल्या जनावरांची यादी काढली. भरपाईसाठी गुरांच्या डॉक्टरांनी घरवार केली होती. घरामागून घर वाचत गेलो. बावीस म्हशी, नऊ गाई. एकच मोठं घर त्या यादीत नव्हतं. प्रधानाच्या गोठ्यात सात म्हशी होत्या, गावात सर्वांत जास्त. एकही मेली नव्हती.

साध्या वेशात गेलो आणि त्याच्या म्हशी राखणाऱ्या म्हाताऱ्याला गाठलं. बिडी दिली, उन्हाविषयी बोललो. मग विचारलं, "त्या दिवशी म्हशी पाण्यावर नेल्या नाहीत का?"

"नाही साहब. मालकांनी आदल्या संध्याकाळीच सांगितलं, दोन दिवस नदीवर न्यायच्या नाहीत. हातपंपावर पाजायच्या." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. बिडी हातातच विझली. पण तो मागे फिरला नाही. म्हणाला, "ती पोर माझ्या शेजारची होती. लिहून घ्या."

प्रधानाला ठाण्यात बोलावलं. तो दोन वकील घेऊन आला. वकिलांना बाहेर बसवून मी एकच प्रश्न विचारला, "तुमच्या म्हशी त्या दिवशी घरी का?"

"ऊन फार होतं."

पाच मिनिटांनी म्हणाला, एक म्हैस आजारी होती. मग म्हणाला, लस टोचायची होती. खरं बोलणाऱ्याकडे एकच कारण असतं आणि ते बहुतेक वेळा साधं असतं. खोटं बोलणारा कारणं बदलत जातो, तुमच्या चेहऱ्यावर कुठलं बसतं ते पाहत. मी म्हाताऱ्याचा जबाब त्याच्यासमोर वाचला. त्याने रुमालाने मान पुसली आणि बोलला ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"साहब, मुझे क्या पता था, बच्ची भी पी लेगी."

म्हशी पाणी पितात हे त्याला माहीत होतं. आपल्या सात त्याने वाचवल्या. माणसं तेच पाणी पितात हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि तो त्याच गावाचा निवडून दिलेला प्रधान होता. मी उठून बाहेर गेलो. तिथे थांबलो असतो तर माझ्या हातून गुन्हा घडला असता.

पुढचं भराभर उलगडलं. एका कारखान्याचं वापरलेलं रसायन टँकरमधून त्याच्या बागेवाटे नदीत सोडलं जात होतं. बदल्यात त्याच्या मुलाला त्या कारखान्यात मोठी जागा मिळाली होती. टँकरचा चालक सापडला, ठेकेदार सापडला. पाण्याच्या नमुन्यात आणि मुलीच्या व्हिसेऱ्यात तेच रसायन निघालं, फवारणीचं औषध कुठेच नव्हतं. कारखान्याच्या मालकाच्या दारापर्यंत पोचलो तेव्हा माझ्या हातात बदलीचा आदेश पडला. दोषारोपपत्रात मालकाचं नाव नव्हतं. प्रधान जामिनावर सुटला आणि सुटून आला तेव्हा गावात मिठाई वाटली. त्या मुलीच्या आई-बापाने ती नाकारली, बाकी बऱ्याच घरांनी घेतली. त्यांना तरी काय बोलू? चालू हातपंप अजून त्याच्याच अंगणात होता.

मल्लाहाला सोडायच्या दिवशी मी जेलच्या फाटकावर गेलो. एक डोळा कायमचा गेला होता. मी म्हणालो, "तुम्ही निर्दोष आहात हे सिद्ध झालं."

तो म्हणाला, "ये तो मैं पहले दिन से कह रहा था."

जीपने गावी सोडतो म्हणालो. त्याने मान हलवली. "नाही साहब. मागच्या वेळी जीपमध्ये बसवलंत, तेव्हाच गावाची खात्री पटली होती." आणि उन्हात पायी चालू लागला. पुढे कळलं की तो त्या गावात राहिलाच नाही. बायकोला घेऊन दुसऱ्या नदीवर गेला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नव्या पोरांच्या प्रशिक्षणात मला विचारतात. मी सांगतो, जमाव माणूस बांधून तुमच्या स्वाधीन करतो, तेव्हा आधी विचारा की दोर कुणी दिला. नुकसान कुणाचं झालं ते सगळे मोजतात, तुम्ही कुणाचं झालं नाही ते शोधा. पोरं लिहून घेतात. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगत नाही, ती इथे सांगतो. त्या दिवशी फाटकावर माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही. वर्दीत माफी मागता येत नाही, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. कुठल्याही नियमात तसं लिहिलेलं नाही. मी शोधून पाहिलं आहे.