सुकेशनीताईंचे मागे बांधलेले हात

सुकेशनीताईंचा स्वभाव मला पहिल्यापासून फारसा आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. औरंगपुऱ्यात एका भांड्यांच्या दुकानावर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत. दवाखान्यात महिनोन्‌महिने काढलेली आजारी मुलं घरी जायला निघतात, तेव्हा त्यांच्या आईबापांना सगळं शिकवायचं, घर तयार करून घ्यायचं आणि मूल पोचवून यायचं, हे आमचं काम. ताई नर्स. मी कागदपत्रं बघतो आणि गाडीही चालवतो. नऊ वर्षांत त्यांनी मला एकदाही शाबासकी दिलेली नाही.

त्यांची एक सवय बघून नवा माणूस चिडतोच. वॉर्डात एखादी आई घामाघूम होऊन लेकराच्या गळ्यातली श्वासाची नळी साफ करत असते आणि ताई शेजारी हात पाठीमागे बांधून उभ्या. मदत नाही, धीराचा शब्द नाही. एकदा मी म्हणालो, "ताई, जरा हात लावला तर काय बिघडेल?" तेव्हा त्यांनी सांगितलं. पहिल्या वर्षी एका बाळाचं सगळं त्या स्वतःच करायच्या, आईला नुसतं दाखवायच्या. आई मान डोलवायची. बाळ घरी गेलं आणि तिसऱ्या दिवशी नळी बुजून दगावलं. काय करायचं ते आईला तोंडपाठ होतं, पण तिचे हात उठले नाहीत. "बघून येत नसतं," एवढं बोलून ताईंनी फाइल उघडली. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

तनुजा दोन वर्षांची. बरेच दिवस श्वासाच्या मशीनवर राहिल्यानं तिची श्वासनलिका वरच्या बाजूला अरुंद झाली होती, म्हणून डॉक्टरांनी गळ्याला छिद्र करून नळी बसवली. श्वास त्या नळीतून. नळीत कफ साचला की ओढून काढायचा, आणि नळी पुरती बुजली तर ती काढून दुसरी घालायची. हातात वेळ असतो मिनिटभराचा. शिवाय अशा मुलाच्या रडण्याला आवाज नसतो. तोंड वाकडं होतं, डोळ्यांतून पाणी येतं, ऐकू काही येत नाही. "कानावर विसंबू नकोस, डोळे ठेव," असं ताई तिच्या आईला, अंबिकाला, रोज बजावायच्या.

अंबिका लासूर स्टेशनजवळच्या वस्तीवरची. नवरा रामहरी मोंढ्यात हमाली करतो, सासरे मेंढरं राखतात. तीन आठवडे ती वॉर्डात शिकली, आधी बाहुलीवर आणि मग दोनदा खुद्द तनुजावर. दुसऱ्या खेपेला तिला इतका वेळ लागला की ताईंनीही श्वास रोखून धरला. पण ताईंचे हात मागंच.

मूल न्यायच्या आधी ताई स्वतः घर बघून येतात. या वेळी वॉर्डात आणखी दोन मुलं होती, म्हणून ते राहिलं आणि सगळं फोनवर उरकलं. घरात विडी नको, उदबत्ती नको, चूल तर मुळीच नको; धुरानं कफ वाढून नळी बुजते. सासूबाई, म्हणजे बानाबाई, पलीकडून म्हणाल्या, "आजच काढते भायेर. लेकरापरीस चूल मोठी हाये का?" ताईंनी यादीवर खूण केली.

मार्चमधली दुपार होती. कोरडा वारा सुटला होता. वस्तीवर गाडी थांबली तेव्हा दारात पंधरावीस माणसं जमलेली. रांगोळी काढली होती. अंबिका तनुजाला घेऊन उतरली. तिच्या खांद्याला निळी पिशवी होती, त्यात दोन जादा नळ्या, कात्री आणि नाड्या. कफ ओढायचा पायपंप रामहरीच्या हातात.

बानाबाईंनी शब्द पाळला होता. चूल घरातून बाहेर काढली होती, आणि मांडली होती ती अगदी उंबऱ्याशेजारी.

"थांब अंबिके, उंबरा वलांडू नको," बानाबाई म्हणाल्या. "लेकरू तीन महिन्यांनी घरी आलंय. लई जणांची नजर असंल." त्यांच्या मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या होत्या. त्यांनी तनुजावरून तीनदा ओवाळलं. ताई गाडीतून उतरत होत्या. त्यांनी ती मूठ पाहिली आणि "आजी, नको" म्हणेपर्यंत मिरच्या निखाऱ्यावर पडल्या.

सगळे खोकत मागं सरले. कुणी डोळे पुसत होतं, कुणी हसत होतं. त्या गलक्यात तनुजाचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण अंबिका ऐकत नव्हती, बघत होती. तिनं लेकीचे ओठ पाहिले आणि वळून थेट माझ्या गाडीकडं धावली.

मागच्या सीटवर तिनं तनुजाला उताणं निजवलं, खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी सारली. रामहरी पंप मारू लागला. कफ ओढायची बारीक नळी अंबिकानं आत घातली, ती अर्ध्यातच अडली.

"जात नाय," ती म्हणाली. "बुजलीय."

तनुजाची छाती आत ओढली जात होती आणि वर काही येत नव्हतं. ओठ निळसर झाले. मी दार धरून उभा होतो. अंबिकानं नाडी कापली, जुनी नळी काढली, नवी लावली. ती शिरेना.

तेव्हा ताईंचे हात पुढं आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी ते पाहिलं.

अंबिकानं वर न बघता कोपरानं ते बाजूला सारले. "ताई, हात मागं."

तिनं दुसरी, एक नंबर लहान नळी घेतली. तनुजाची हनुवटी वर केली, नळी तिरकी धरून आत सरकवली आणि नळी सहज शिरावी म्हणून तिच्यात असलेली सळई ओढून काढली. एक क्षण काहीच झालं नाही. मग नळीतून कफाचा घट्ट गोळा उडून अंबिकाच्या मनगटावर पडला आणि तनुजाची छाती भरली. तिचं तोंड वाकडं झालं, डोळे भरले. ती रडत होती, बिनआवाजाची. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं.

मला बानाबाईंचा इतका राग आला होता की चार शब्द सुनवावेत म्हणून मी वळलो. त्यांनी घागरभर पाणी चुलीत ओतलं होतं आणि तिथंच खाली बसल्या होत्या.

"धूर नको म्हणलात, म्हणून चूल दाराशी आणली," त्या ताईंना म्हणाल्या. "दिष्टीचा बी धूरच असतो, हे ध्यानात आलं नाय."

ताई त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या. "चूक माझी आहे, आजी. लेकरू घरात घेताना तुम्ही काय काय करता, हे मी विचारलंच नाही." माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना.

थोड्या वेळानं बानाबाई उठल्या. "बाई, आता आत न्यावं का लेकराला?"

ताईंनी अंबिकाकडं बोट केलं.

बानाबाई सुनेसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "अंबिके, न्यावं का आत?"

अंबिकानं चुलीकडं पाहिलं. ओल्या राखेतून अजून वाफ निघत होती. "पुरती इझू द्या," ती म्हणाली. "मग जाऊ."

सगळी वस्ती उन्हात उभी राहिली. सासू, नवरा, बाया, कुणी हललं नाही. ताई सगळ्यांच्या पुढं होत्या, मी त्यांच्या मागं. त्यांनी हात पाठीशी नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले होते, आणि अंबिका उंबरा ओलांडून आत जाईपर्यंत ते थरथरत होते.