एक जोडी बूट आणि बेटावरचा क्लब

फोन नलूचा होता, दिगंबरच्या मुलीचा. "काका, बाबा गेले. पहाटे. त्यांनी सांगून ठेवलं होतं, की सगळ्यांत आधी तुम्हाला कळवायचं. म्हणाले, त्याला पोचायला वेळ लागतो." मी रडायच्या तयारीत होतो, पण हे ऐकून हसू फुटलं. मग दोन्ही एकदमच झालं... बायको आतून धावत आली आणि माझ्याकडे बघत राहिली. तळेगावहून सुदुंबरे ते किती लांब! तरी त्या दिवशी मी उशिराच पोचलो. आधी चष्मा सापडेना, मग रिक्षा मिळेना. दिगंबर मला साठ वर्षं ओळखत होता, ते काही उगाच नाही.

आम्ही भेटलो लोणावळ्यात. मी स्टेशनवर पार्सल ऑफिसात कारकून. दिगू सुदुंबऱ्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. लग्नाच्या बँडबरोबर हिंडून क्लॅरिनेट शिकलेला. दिवसा तो चिक्कीच्या भट्टीवर गूळ घोटायचा आणि संध्याकाळी आमच्या भाड्याच्या खोलीत वाजवायचा. मी त्या वाद्याला पिपाणी म्हणायचो आणि तो मला 'पार्सल' म्हणायचा. त्याच्या वडिलांनी त्याला त्या पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. तोवर कुठं कायमचं वाजवायला मिळालं तर ठीक, नाहीतर पिपाणी फडक्यात गुंडाळून घरी यायचं आणि नांगराला हात लावायचा. शेतीचं त्याला वावडं नव्हतं. पण एकदा घरी गेलो की ते फडकं परत सुटायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि लोणावळ्यात कायमचं वाजवायची जागा एकच होती, ती म्हणजे बेटावरचा क्लब. गावामागच्या तलावात मध्यभागी टेकडीचं डोकं वर राहिलेलं. त्यावर कुण्या शेठजींचा बंगला होता आणि त्या बंगल्यात दर शनिवारी नाच चालायचा. मुंबई-पुण्याहून मोटारी यायच्या, काठावर रांगेत उभ्या राहायच्या आणि तान्हूभाऊ नावेतून मंडळींना पलीकडे न्यायचा. दिवस दारूबंदीचे. त्यामुळे टेबलांवर फक्त लिंबाचं सरबत असायचं, आणि ते सरबत पिऊन भलेभले कायदेपंडित खुर्चीवर उभे राहून गायचे. पाण्यावर दिव्यांच्या माळा हलायच्या, गोव्याचा बँड वाजायचा... आज सांगताना मलाच खोटं वाटतं की असल्या ठिकाणी आम्ही दोघं जवळजवळ दर शनिवारी जायचो.

कसे? तर तिथला दरवान माणसाचं तोंड बघायचा नाही, पाय बघायचा. काळे चकचकीत बूट असले की आत, चपला असल्या की बाहेर. कोट आम्ही कुठून कुठून जमवले होते, पण बुटांची जोडी एकच. माझी. मग आम्ही पद्धत बसवली. पहिल्या नावेनं मी बूट घालून जायचो, दरवानाला पाय दाखवायचो, मागच्या खिडकीजवळचं टेबल धरायचो आणि बूट काढून पिशवीत घालून खिडकीतून तान्हूभाऊला द्यायचो. पुढच्या खेपेला तेच बूट घालून दिगू यायचा. त्याला ते दोन बोटं मोठे, म्हणून पुढे कागदाचे बोळे. नंतर रात्रभर टेबलाखाली पाय लपवून एकाने बसायचं आणि दुसऱ्याने हिंडायचं. दोघं एकदम उभे आहोत असं कधी झालं नाही. वाढप्यांना वाटायचं, आमच्यातला एकजण सदा आजारी असतो.

दिगू हिंडायचा तो फक्त बँडजवळ. बँडचे मास्टर गोव्याचे, जाडजूड, कमी बोलणारे. चार महिने दिगू त्यांच्यामागे लागला होता. शेवटी त्यांचा क्लॅरिनेटवाला बहिणीच्या लग्नाला गावी गेला आणि मास्टर दिगूला म्हणाले, "शनिवारी आठ वाजता येऊन बस. कोट, काळे बूट. उशीर केला तर परत तोंड दाखवू नको."

त्या शनिवारी खरं म्हणजे बूट घालून दिगूनेच आधी जायला हवं होतं. तो तसं म्हणालाही. पण मी त्याला समजावलं, "आधी मी जाऊन जरा वातावरण बघतो. तू काठावर हात गरम कर." वातावरण! मी साडेसातला पोचलो, टेबल धरलं, एका बुटाची नाडी सोडलीही. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची पुण्याची एक मुलगी वळून म्हणाली, "आमच्यात एकजण कमी आहे. तुम्हाला नाचता येतं?" मला नाचता येत नव्हतं. मी म्हटलं, "थोडंफार."

खिडकीत तान्हूभाऊचं डोकं दिसलं. "पावनं, बूट! त्यो तितं वाट बगतोय."

"एकच मिनिट, तान्हूभाऊ."

"आवं, मिनिट कसलं? आठ वाजाया आलं!"

मी हातानेच त्याला थांबायची खूण केली आणि नाडी पुन्हा बांधली. पुढचं सांगायला आजही कान गरम होतात. एका मिनिटाची दहा मिनिटं झाली, दहाची वीस. मुलीच्या पायावर मी दोनदा पाय दिला, तीही हसली, आणि मला वाटलं, जन्मात इतकं चांगलं काही झालं नाही. घड्याळात आठ वाजले. बँड सुरू झाला. बँडमध्ये एक खुर्ची रिकामी होती. मित्राचा अख्खा जन्म मी पायात घालून नाचत होतो. खिडकीत तान्हूभाऊ नव्हता.

आणि मग पाण्यावरून सूर आला.

आधी वाटलं भास आहे. बँड जे वाजवत होता तेच, त्याच लयीत, पण लांबून, अंधारातून. मध्येच एखादी गिरकी आमच्या मावळातल्या वरातीतली... मास्टरांनी हात खाली केला तसा बँड हलका झाला. नाचणारे थांबले, लोक व्हरांड्यात गेले. सूर जवळ जवळ येत होता. तान्हूभाऊ वल्ही मारत होता आणि नावेच्या टोकाला बसून दिगू डोळे मिटून वाजवत होता. अनवाणी. पायऱ्यांवर दरवानाने सवयीने खाली बघितलं. मास्टर तिथूनच ओरडले, "पाय काय बघतोस? कान उघड!"

दिगू माझ्या शेजारून गेला तेव्हा तोंडातलं क्लॅरिनेट क्षणभर काढून म्हणाला, "लय भारी नाचतुयास की रं, पार्सल. बूट चावत न्हाईत ना?" आणि जाऊन त्या खुर्चीत बसला.

गावी गेलेला क्लॅरिनेटवाला परत आलाच नाही, आणि तिथून दिगू उठला तो क्लब बंद पडला तेव्हाच, दहा-एक वर्षांनी. त्याच्या वडिलांना एकदा तान्हूभाऊने काठावर बसवून ऐकवलं. ते म्हातारबाबा एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. नांगराला माणसं हायती." मी दिगूची माफी मागायला गेलो तर तो मलाच चहा पाजायला घेऊन गेला. "तू बूट धाडलं असतं तर मी मागं गुमान बसून वाजिवलं आसतं. कोन ऐकत होतं?" पुढे जन्मभर तो माझी ओळख करून द्यायचा, "ह्यांच्यामुळं मी बँडात लागलो." आणि मी, निर्लज्जासारखा, नम्रपणे मान झुकवायचो. त्याच्या उपकारांची यादी करायला बसलो तर त्यात हा सर्वांत मोठा निघेल, की माझ्या सर्वांत वाईट वागण्याची त्याने अशी गोष्ट करून टाकली, जी मला चारचौघांत हसत सांगता येते.

क्लबनंतर त्याने सुदुंबऱ्यातच मुलं शिकवली, मुलीही. कार्यक्रम कुठलाही असो, तो कधी मांडवात येऊन सुरुवात करायचा नाही. बाहेरून, दिसायच्या आधी वाजवत यायचा. शिष्यांनाही तीच सवय लावली होती.

तेराव्याला पानं मांडली होती. माणसं हळू आवाजात बोलत होती. तेवढ्यात ओढ्यापलीकडून सूर आला. अजून कुणी दिसत नव्हतं. मी पानावरून उठलो, लोकांना वाटलं म्हाताऱ्याला बरं वाटत नाही. अंगणाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. ज्वारीच्या आडून सूर जवळ येत होता, आणखी जवळ... मी फाटकाचा खांब धरून तसाच बघत होतो. मागून नलूने हळूच दंडाला धरलं.

"काका, वाट सोडा. त्यांना आत येऊ द्या."

मी बाजूला झालो.