तोटी उघडणारी माकडीण

लोणावळ्याला मुलींच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांची होते. एकोणीसशे तिसानंतरची ती वर्षं. शाळा गावाच्या अगदी कडेला, चार खोल्यांची, कौलारू. मागचं कुंपण संपलं की रान सुरू. त्या रानात लाल तोंडाच्या माकडांची एक टोळी असायची, वीस-पंचवीस जणांची. मुलींच्या डब्यांवर त्यांचा डोळा, म्हणून मधल्या सुट्टीत एका बाईंनी काठी घेऊन व्हरांड्यात उभं राहायचं असा नियम होता. मी सगळ्यांत धाकटी, त्यामुळे ती काठी बहुतेक माझ्याच हातात असे.

व्हरांड्याच्या टोकाला दगडी ओट्यावर पिण्याच्या पाण्याचं मोठं पिंप होतं. त्याला खालच्या बाजूला पितळी तोटी, तिला आडवी मूठ. पिंप भरायचं काम एका मावशींकडे होतं. मावशी जवळच्या टाकवे गावच्या. नवऱ्याला रेल्वेत गँगमनची नोकरी लागली तेव्हा इथे राहायला आलेल्या. उतारावरच्या विहिरीवरून डोक्यावर एक आणि कमरेवर एक असे हंडे घेऊन त्या खेपा घालत. शनिवारी दुपारी शाळा सुटली की पिंप काठोकाठ भरून जात, म्हणजे सोमवारी सकाळी पाण्याची ओरड नको.

फाल्गुन सरता सरता एका सोमवारी पिंप कोरडं निघालं. पुढच्या सोमवारीही तेच. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. शिस्तीच्या फार कडक. त्यांनी मावशींना व्हरांड्यातच उभं केलं.

"शनिवारी पाणी भरलं नव्हतं का?"

"भरलं व्हतं. काठोकाठ."

"मग गेलं कुठे?"

"त्ये मला न्हाई ठावं, मोठ्या बाई. पर भरलं व्हतं."

"पुन्हा असं झालं तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

 मावशींनी हातातली चुंबळ डोक्यावर ठेवली, हंडा उचलला आणि त्या विहिरीकडे चालू लागल्या. ते मला फार लागलं. मी ओट्यापाशी जाऊन पाहिलं, तर तोटीखालची माती अजून ओलसर होती. मी मावशींच्या मागे उतारावर गेले.

"मावशी, पाणी भरलंच नसतं तर खालची माती ओली कशी?"

त्या थांबल्या. "म्हंजी तोटी कुनीतरी सोडतंय," त्या म्हणाल्या. "इतवारी मी हितं बसून बघनार हाय."

"मीही येते."

"तुमी कशाला? तुमाला सुट्टी."

"म्हणूनच येते."

रविवारी सकाळी आम्ही तिसरीच्या वर्गात खिडकीची झडप जराशी किलकिली करून बसलो. मावशींनी फडक्यात भाकरी, कांदा आणि ठेचा आणला होता. एखादं उनाड पोर किंवा गुराखी येईल अशी आमची अटकळ. ऊन चढलं, भाकरी संपली, मला डुलकी यायला लागली. तेवढ्यात कौलांवर धपधप आवाज झाला.

माकडं उतरली. त्यांतली एक माकडीण मी ओळखत होते, कारण तिचं शेपूट अर्धंच होतं. तिच्या पाठीमागे तिची वर्षभराची लेक; मुली तिला पिल्ली म्हणत. माकडीण इकडेतिकडे न बघता सरळ ओट्यावर चढली, पिंपासमोर बसली आणि दोन्ही हातांनी मूठ धरून ओढू लागली. मूठ हलेना. तिनं हात बदलले, उलट्या बाजूनं जोर लावला, आणि पाण्याची धार पडली. तिनं तोंड लावलं, पोटभर प्यायली, बाजूला झाली. मग पिल्ली, मग बाकीची. शेवटी टोळीतला दांडगा नर आला आणि सगळ्यांना हुसकून धारेखाली एकटाच बसला. तोटी बंद करायचं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही.

मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. "आगं बया," त्या पुटपुटल्या, "ही तर पोरींवानी करती." आणि पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तेव्हा मला आठवलं. मधल्या सुट्टीत बाकीची माकडं डब्यांवर टपलेली असत आणि ही एकटी कुंपणाच्या खांबावर बसून ओट्याकडे बघत राही. मला वाटे, म्हातारी झाली असेल. ती मुलींचे हात बघत होती.

सोमवारी मी मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माकडानं तोटी उघडली, असं म्हणता तुम्ही?"

"हो. मावशींनीही पाहिलं."

"मी स्वतः पाहीन."

आणि पुढच्या रविवारी त्या खरंच आल्या. नऊवारी, हातात छत्री. मुलींच्या बस्करावर मांडी घालून आमच्याबरोबर बसल्या. अर्ध्या शेपटीची आली, तिनं सगळं तसंच केलं. मोठ्या बाई शेवटपर्यंत झडपेपासून हलल्या नाहीत. माकडं गेल्यावर त्या मावशींकडे वळल्या.

"मावशी, मी तुमच्यावर उगाच संशय घेतला. माझं चुकलं."

मावशी गडबडल्या. "ऱ्हाऊ द्या, बाई. मी तरी कुटं खरं मानलं असतं?"

मग उपाय सुरू झाले. मोठ्या बाईंनी मुठीला फडकं गाठ मारून बांधायला लावलं. माकडिणीनं ते दातांनी सोडवलं. तोटीवर पत्र्याची पेटी ठोकली, तर ती खालून हात घालू लागली. दर वेळी मोठ्या बाई रागावण्याऐवजी जास्तच खुश दिसत. शेवटी मावशी म्हणाल्या, "रानातला झरा आटलाय. त्येंला पानी पायजे, तोटी न्हाई." आणि त्यांनी टाकव्याहून बैलगाडीवर गुरांना पाणी पाजायची एक जुनी दगडी डोण आणवून कुंपणापाशी ठेवली. ती रोज भरायच्या दोन खेपा त्यांनी आपण होऊन वाढवून घेतल्या. तहानेची माकडं तिथे पिऊ लागली. पिंप शनिवारी अर्धंच भरायचं ठरलं, कारण तोटीचा नाद काही सुटला नव्हता.

त्या उन्हाळ्यात पिल्ली तोटी फिरवायला शिकली. पुढल्या वर्षी तिच्याबरोबर खेळणारी दोन-तीन पोरं, त्यांच्यामागून त्यांच्या आया. दांडगा नर कधीच शिकला नाही. दुसऱ्यानं उघडलेल्या धारेवर बसायचं तेवढं त्याला येई. एकदा बघायची सवय लागल्यावर मला इतरही काही दिसू लागलं. चैत्रात कैरी तोडली की ही माकडं देठाकडचा चीक खडकावर घासून काढत आणि मगच चावत. आधीही माझ्या डोळ्यांसमोर ते घडत असणार. बघून आणि करून शिकता येतं हे मनात आलं त्याच आठवड्यात वजनमापाच्या धड्याला मी पाठांतर बाजूला ठेवलं आणि तराजू मुलींच्या हातात दिला. मोठ्या बाई दारातून बघत होत्या. 

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी पायरीवर बसायचो. मोठ्या बाई घरून शेंगदाण्याचे लाडू आणत. अशाच एका दुपारी पिल्ली ओट्यावर चढली, आता चांगली मोठी झालेली. तोटी उघडली, प्यायली, आणि उतरण्याआधी तिनं मूठ परत फिरवली. धार थांबली.

"बंद केली तिनं," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या.

"हात लागला असंल," मावशी म्हणाल्या. "माकडाला कशाला बंद करायचं सुचतंय?"

"का नाही सुचणार? उघडायचं सुचलं ना?"

"मग उद्या लोटाबी घेऊन येईल म्हना की."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी बघू. तसं आम्ही किती तरी शनिवार बघितलं. कधी ती बंद करी, कधी नाही, आणि दोघींचंही म्हणणं अर्धं अर्धं खरं ठरत राहिलं. तो वाद माझी तळेगावला बदली होईपर्यंत मिटला नाही, आणि तो मिटावा असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं.