दवाखान्यातला नंबर

बायकोनं अन् मी मिळून शेवटचं काम केलं ते गिरणीत ज्वारीचा डबा नंबराला लावायचं. चष्म्याला नंबर, शेताला नंबर, एसटीला नंबर. शाळा न्हाई शिकलो तरी हा इंग्रजी शब्द मला बराबर कळायचा.

त्याच दुपारी तिच्या छातीत दुखाया लागलं. परतूरच्या दवाखान्यात नंबर लावायचा म्हणजे दारापाशी ओळीत चप्पल ठेवायची. तिची ठेवली अन् आम्ही लिंबाखाली बसलो.

"अवं, आधी घ्या म्हणा की त्यांना."

"बाकीचे काय येडे म्हणून बसलेत? गप बस."

पुढं चार चपला असताना तिनं मान टाकली.

कंपाउंडर म्हणला, "बाबा, सांगायचं न्हाई का? लगेच आत घेतलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला येईल त्याला मी सांगत राह्यलो, ती म्हणली होती, मीच गप केलं.