मागचे स्पीकर आणि गणपतचे कान

लालबागला एका चाळीच्या जिन्याखाली गणपत घाडीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी तो गिरणीत साचेखात्यात होता. मागांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेली, मग एका ओळखीच्याकडे हे काम शिकला. संयुक्त महाराष्ट्र समितीची चळवळ पेटली तेव्हा परळ-लालबागच्या सभांचे कर्णे तोच बांधायचा आणि सभा संपेपर्यंत त्यांच्याखालीच उभा राहायचा. एकदा लाठीमार झाला, माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. हा मात्र अँप्लिफायर पोटाशी धरून स्टेजखाली बसून राहिला. तेव्हापासून गल्लीत त्याला मान होता.

साठ सालच्या उन्हाळ्यात, आता राज्य होणार हे ठरून गेलं होतं तेव्हा, गिरगावचे श्यामकांत धुरंधर आपली गाडी घेऊन त्याच्याकडे आले. धुरंधर सॉलिसिटर. गाडी लढाईच्या आधीची, विलायती, हिरवी, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. पुढे त्यांच्या आई बसत, म्हणून पत्नी राजलक्ष्मीबाईंना मागच्या चिंचोळ्या सीटवर अंग चोरून बसावं लागे. रेडिओ पुढे वाजायचा आणि वाऱ्यात मागे काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. मागे एक लहानसा स्पीकर होता, त्याचा कागद दमट हवेनं फाटलेला. त्याच्या जागी दोन्ही बाजूंना मोठे, चांगल्या चुंबकाचे स्पीकर हवेत, असं धुरंधरांचं म्हणणं.

गणपतनं काम मन लावून केलं. सीटमागची फळी कापली, स्पीकर बसवले, वायरी गालिच्याखालून नेल्या. आवाज असा दणदणीत निघाला की रस्त्यावरची माणसं थांबली.

दोन-तीन दिवसांत गाडी परत आली. आवाज मोठा आहे, पण किरकिरतो, असं राजलक्ष्मीबाईंनी सांगितलं होतं. गणपतनं रेडिओ लावला. त्याला किरकिर ऐकू आली नाही. तरी त्यानं सगळे स्क्रू आवळून दिले. गाडी पुन्हा आली. या खेपेला त्यानं एक स्पीकर बदलला. तिसऱ्यांदा धुरंधरांबरोबर राजलक्ष्मीबाई स्वतःच आल्या, तेव्हा मात्र तो वैतागला.

"बाई, रेडिओत काय नाय. तुमच्या कानाला भास होतोय," तो म्हणाला.

नेमकी त्याच वेळी गणपतची बायको शेवंती गिरणीतून परत येत होती. ती सूत गुंडाळायच्या वायडिंग खात्यात होती. गाडीपाशी थांबून तिनं कान दिला.

"किरकिरतां तां," ती म्हणाली. "डाव्या बाजूक."

गणपतनं गाडीत डोकं घालून पुन्हा ऐकलं. डावीकडे कान नेला, उजवीकडे नेला. गाणं चालू होतं आणि त्याला ते स्वच्छ वाटत होतं. आत दुकानात जाऊन तो स्टुलावर बसला. शेवंती मागोमाग गेली.

"माका आयकाक येणा नाय," तो हळूच म्हणाला.

"माका ठावक आसा. वर्स झाला."

"मग बोललंस नाय ता?"

"तुमी बोलश्यात म्हणान वाट बघी होतंय."

बारीक आवाज आपल्याला लागत नाहीत हे गणपतला कळत होतं, पण रेडिओवाल्यानं ते कबूल कसं करायचं? गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढेल का? ही भीती त्यानं घरातसुद्धा बोलून दाखवली नव्हती. मग बाहेर येऊन त्यानं राजलक्ष्मीबाईंची माफी मागितली. भास बाईंना होत नव्हता, आपलेच कान गेलेत, असं सरळ सांगून टाकलं. धुरंधर गाडी घेऊन जातील असं त्याला वाटलं होतं. पण राजलक्ष्मीबाई शेवंतीकडे वळून म्हणाल्या, "मग तुम्हीच बसा ना माझ्याशेजारी. दोघी मिळून शोधू."

नऊवारी सावरत शेवंती त्या सीटवर चढली. अख्खी गल्ली बघत होती. ती तळहातानं एकेक जागा दाबायची, राजलक्ष्मीबाई ऐकायच्या, गणपत दोघींच्या तोंडाकडे बघत राहायचा. शेवटी डाव्या फळीखाली, चामड्याच्या आड, पत्र्याची एक सैल पट्टी सापडली. तिथे हात दाबला की किरकिर बंद. गणपतनं फळी काढली, खाली जाड लोकरीच्या नमद्याची पट्टी घातली, पत्रा पक्का केला. धुरंधरांनी तिघांना बसवून शिवडीपर्यंत गाडी जोरात नेली. वाऱ्यात शेवंतीचा पदर उडत होता आणि ती मान हलवून सांगत होती, ठीक आहे.

पुढे परळच्या इस्पितळात कान दाखवले. गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. गणपतनं कर्ण्यांचं काम सोडलं, दुकान चालू ठेवलं. गिरणीची पाळी सुटली की शेवंती दुकानात येऊन बसायची. हात त्याचे, कान तिचे. सुरुवातीला लोक हसले. वर्षभरात सवय झाली, गिऱ्हाईक रेडिओ टेबलावर ठेवताना आधी विचारायचं, "वहिनी आल्या काय?" आणि गणपत स्टूल पुढे सरकवून म्हणायचा, "बसा, येतीलच."