चिंध्या बांधलेल्या घुंगुरमाळा

१९४८च्या उन्हाळ्यात आमची प्लाटून चाळीसगावच्या दक्षिणेला, घाटाखालच्या एका गावात लागली. घाटापलीकडे हैदराबाद संस्थान. तिकडे हत्यारबंद टोळ्या गावं जाळत होत्या आणि जीव वाचवून माणसं आमच्या बाजूला उतरत होती. आम्हाला हुकूम दोनच. हद्द सांभाळायची आणि आलेल्यांना सुखरूप चाळीसगावच्या छावणीत पोचवायचं.

मी हवालदार, पारोळ्याकडचा. माझ्या हाताखाली नाईक यशवंत होता, फैजपूरचा. घरी केळीचे मळे. बोलायला कमी, जेवायला पुढे.

पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज, मग पॅट्रोल, दुपारी विहिरीवर गार्ड. हो, विहिरीवर. रायफली खांद्याला लावून आम्ही पाण्याची रांग सांभाळत होतो. पहिले काही दिवस गावाने आलेल्यांना भाकरी दिली, पोरांना दूध दिलं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण शाळा भरली, देऊळ भरलं, ज्वारी महागली, विहिरीचा तळ दिसू लागला. मग तीच माणसं ओझं वाटू लागली. त्यात रोज नवी आवई उठायची की आज टोळी घाट उतरणार. गावात मुसलमानाचं घर एकच, पिंजाऱ्याचं. अर्ध्या गावाच्या गाद्या त्याने भरल्या होत्या. लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. बिचाऱ्याने दार लावून घेतलं. आग तिकडे लागली होती आणि इकडे माणसं आतून जळत होती.

घाटातून येणाऱ्यांची एक रीत पडली होती. बैलांच्या घुंगुरमाळेला चिंध्या गुंडाळायच्या, म्हणजे टोळ्यांना चाहूल लागत नाही. खाली उतरल्यावर चिंध्या सोडायचं भान कुणाला राहणार? पण आमच्या मुलखात घुंगरांशिवाय येणारी गाडी म्हणजे दरोडेखोरांची. आम्ही पोलीस पाटलाला बजावलं, "दवंडी द्या. बिनघुंगराच्या गाड्या निर्वासितांच्या असतात."

तो म्हणाला, "भाऊ, दवंडी दिन्ही ते आनखी लोके येतीन. आम्हनी विहीर आटी गयी."

मी पुन्हा सांगितलं. यशवंतने दोनदा सांगितलं. मामलेदार कचेरीत कळवलं. कुणी हललं नाही.

एका संध्याकाळी, उजेड असतानाच, घाटाच्या वाटेवर धूळ दिसली. गाड्या येत होत्या. आवाज नव्हता.

"टोळी उनी! बठ्ठा बाहेर निंघा!" गावात ओरड उठली.

गोफणी, भाले, कुऱ्हाडी घेऊन गाव बांधावर आलं. पाटलाकडे परवान्याची बंदूक होती. मी वायरलेसवर कंपनीला कळवलं.

"गाड्या दिसताहेत. घुंगरं वाजत नाहीत. ओव्हर."

"ओळख पटवा. फायर नाही. ओव्हर."

बांधावर मी ओरडत होतो, "आपली माणसं आहेत! थांबा!" पण त्या गलक्यात माझं कोण ऐकणार? यशवंत म्हणाला, "आवाज ऐकू आला की थांबतील," आणि गाड्यांकडे पळत सुटला. पहिल्या बैलाच्या गळ्याला हात घालून तो चिंध्या ओढू लागला. बैल बुजला, मान झटकली. घुंगरं एकदा वाजली. त्याच वेळी पाटलाची बंदूक उडाली.

गाडीत एक म्हातारी, दोन सुना आणि लेकरं होती. म्हातारी हात जोडून ओरडत होती, "आमी माणसं हाओत बाप्पा!" यशवंत चाकाशी पडला होता. छातीत छर्रे होते. मी पोचलो तेव्हा तो गेला होता. चिंधी मुठीत होती.

पाटील म्हणाला, "माले काय ठाऊक?" मी त्याची गचांडी धरली. जवानांनी मला ओढून काढलं नसतं तर माझ्या हातून खून झाला असता. त्याला ठाऊक होतं. चारदा सांगितलं होतं.

यशवंतला त्याच गाडीतून नेलं. निघताना म्हातारी खाली उतरली आणि तिने उरलेल्या सगळ्या चिंध्या आपल्या हाताने सोडल्या.

"आता वाजू द्या," म्हणाली.

गाडी गावातून गेली. घुंगरांच्या आवाजाने बायका दारात आल्या, पिंजाऱ्याचंही दार उघडलं. आता सगळ्यांनी ओळखलं.

कागदोपत्री 'अपघात' अशी नोंद झाली. पाटील पाटीलच राहिला. मी फैजपूरला गेलो तेव्हा यशवंतच्या आबांनी एकच विचारलं, "माह्या पोऱ्याले कोनं मारलं? दुश्मननं?"

मी खोटं बोललो नाही. "नाही आबा. आपल्याच माणसांनी."

ते उठून गोठ्यात गेले. बैलांच्या गळ्यातल्या माळा काढून त्यांनी खुंटीला टांगल्या. त्या घरचे बैल नंतर कधी घुंगरं घालून बाहेर पडले नाहीत, आणि फैजपुरात बिनघुंगराची ती गाडी दिसली की लोक बाजूला होऊन वाट देत. यशवंतची गाडी म्हणत.